नाही म्हणायचं नाही

लोकांच्या खिशात काय काय सापडतं हे काकूंना विचारू नका. विचारलंत तरी त्या सांगायच्या नाहीत, आणि त्यांच्या आयुष्यातलं बरंवाईट सगळं या एका सवयीतूनच निघालं.

काकू लॉंड्रीच्या काउंटरवर होत्या. कपडे मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे चाचपायचे, हे त्यांचं काम. नवऱ्याच्या कोटात बायकोचं नसलेलं कानातलं निघायचं, नोकरी गेल्याचं पत्र निघायचं, शाळकरी पोराच्या पॅंटीत सिगारेट निघायची. काकू ते सगळं एका पाकिटात घालून, पाकीट हॅंगरला टाचून, ज्याचं त्याच्या हातात देत. भुवई वर नाही की खाली नाही. गावभर त्यांची ख्याती होती की या बाईच्या पोटात गोष्ट राहते. आता पोटात गोष्ट राहणं हा गुण आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण गुणाचंही काय व्हायचं ते माणसाच्या नशिबावर असतं.

काकूंचे यजमान बसड्रायव्हर होते. एका संध्याकाळी जेवायला बसले आणि ताटावरच कलंडले. काकूंनी हंबरडा फोडला तेव्हा जिन्यातला दिवा दुरुस्त करायला आलेला वायरमन शिडीवरून उतरून धावत आला. शंभर किलोचा माणूस त्यानं एकट्यानं खांद्यावर घेतला, तीन मजले उतरवला, आपल्या गाडीत घातला आणि दवाखान्यात नेला. उपयोग झाला नाही. पण पुढची सगळी धावपळ, कागदपत्रं, नातेवाइकांना फोन, सगळं त्या परक्या माणसानं केलं. काकूंची मुलगी दुसऱ्या शहरातून पोचेपर्यंत तो त्यांच्या शेजारी बाकावर बसून होता.

त्यानंतर घर असं झालं की फ्रिजचा आवाजसुद्धा सोबतीसारखा वाटायचा. मुलीचं फोनवर रोज तेच: आई, बाहेर पड, आई, कशात तरी मन गुंतव. कशात गुंतवायचं, डोंबल? शेवटी वायरमनच एकदा लॉंड्रीत कपडे द्यायला आला तेव्हा म्हणाला, काकू, शनिवारी नाचायला या. काकूंना हसू आलं. नवरा गेल्यावर पहिल्यांदा आलेलं हसू होतं ते, आणि त्या हसण्याच्या भरातच त्या गेल्या.

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल. खालून पॉलिशचा वास यायचा, वर लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे, आणि मध्येच वळणारा अरुंद जिना. हा सगळा उद्योग सरांचा. सर म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, स्वतःही एकटेच. दर शनिवारी संध्याकाळी माणसांनी यावं, जोडीजोडीनं नाचावं, चहा प्यावा आणि हलक्या मनानं घरी जावं, एवढीच त्यांची इच्छा. पहिल्या वर्षी म्हणे एक जाडा, बोलताना अडखळणारा कारकून आला होता. ज्या बाईला विचारायचा ती नाही म्हणायची. बिचारा संध्याकाळभर खुर्चीवर बसून राहिला आणि परत आला नाही. सरांच्या ते फार मनाला लागलं. त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात भिंतीवर लिहिलं: इथे कुणी कुणाला नाही म्हणायचं नाही.

आणि नुसतं लिहून थांबले नाहीत. पहिला अर्धा तास चक्र असायचं. पुरुष गोल करून आपापल्या जागी उभे, बायका त्यांच्यासमोर. सरांनी घंटी वाजवली की प्रत्येक बाईनं एक जागा पुढं सरकायचं. असं करत प्रत्येकजण प्रत्येकीबरोबर नाचायचा, कुणी खुर्चीवर बसून राहायचं नाही. दुसरी एक पद्धत होती तिचा तर सरांना फारच अभिमान. कुणाचं कुणाशी बिनसलं की त्या दोघांनी मध्ये येऊन एक गाणं नाचायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, संपला विषय. बेकरीवाली आणि तिची जाऊ खिडकी उघडायची की लावायची यावरून महिनाभर अबोला धरून होत्या, त्यांचा अबोला या उपायानं सुटला. कितीतरी भांडणं सुटली. चांगली माणसं होती हो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं ते वाईट माणसांनी केलं असतं तर मला एवढा राग आला नसता.

काकूंना या हॉलनं उभं केलं. आठवडाभर त्या शनिवारची वाट बघायच्या. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा चक्रातून बाहेर पडून दाराशी खुर्ची टाकून बसल्या, आल्यागेल्याचे कोट सांभाळू लागल्या, पाण्याचे जग भरू लागल्या. पुढं सरांच्या कानावर आलं की अशा मंडळात तक्रार ऐकायला एक माणूस नेमलेला असावा, हल्ली तशी पद्धत आहे. सरांनी काकूंना नेमलं. दुसरं कोण मिळणार होतं? दाराशी पाटी लागली: काही तक्रार असेल तर काकूंना सांगा.

तक्रारी यायच्या त्या अशा की ऐकून हसून पोट दुखावं. अमक्याचं अत्तर डोक्यात जातं. तमक्याचे तळहात ओले असतात. पोस्टमन पाय तुडवतो आणि वर मलाच सॉरी म्हणायला लावतो. काकू ज्याला त्याला बाजूला घेऊन गमतीगमतीत सांगायच्या, आणि काम व्हायचं.

मग सुई आली. सुई हे तिचं मंडळात पडलेलं नाव, कारण ती लॅबमध्ये रक्त घ्यायची. बावीस-तेवीसची, किडकिडीत, हसली की खांदे हलणारी पोर. आईवडील नाहीत, दादा-वहिनीकडे राहायची. दादाचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान. पोरीनं लॅबमधून सरळ घरी यावं, वहिनीला हातभार लावावा, भाचरांचा अभ्यास घ्यावा, असा त्या घरचा शिरस्ता. वहिनीच्या किती मिनतवाऱ्या केल्या तेव्हा शनिवारची संध्याकाळ मिळाली होती. त्या दोन तासांत ती पोर अशी नाचायची की बघणाऱ्यानंही ताठ बसावं. काकूंना तिची माया लागली. येताना ती काकूंच्या हातात कोट द्यायची आणि गालाला गाल लावायची.

एका मंगळवारी ती लॉंड्रीत आली. हातात पांढरा कोट. काकूंना तेव्हाच खटकलं, कारण लॅबचे कोट लॅबच्या गठ्ठ्यातून यायचे. पुढचं गिऱ्हाईक जाईपर्यंत ती कोटाचं बटण पिरगाळत उभी राहिली. मग बोलायला लागली आणि बोलताना काकूंकडे न बघता हॅंगरच्या रांगेकडे बघत राहिली.

वायरमनचं सांगत होती. चक्रात त्याच्यासमोर आलं की त्याचा हात पाठीवर राहत नाही, खाली जातो. तिनं तो वर सरकवला, त्यानं परत खाली आणला. एकदा तिनं हळूच सांगितलं, काका, हात वर घ्या. त्यावर तो कानाशी येऊन म्हणाला, नियम वाचलाय ना? आणि गेल्या शनिवारी ती निघाली तर जिन्यातला दिवा बंद होता. मंडळाचे दिवे बघणारा हाच. वळणावर तो उभा होता. त्यानं तिला भिंतीशी दाबलं, तोंडावर हात ठेवला, आणि दुसरा हात कुठं कुठं गेला ते तिनं सांगितलं. वरून कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला तशी ती त्याच्या काखेखालून निसटली.

ज्या खांद्यावरून यजमान खाली गेले तोच खांदा त्यांच्या डोळ्यांपुढं आला. पोर खोटं बोलत असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याची त्यांना लाज वाटली. कारण पोर खोटं बोलत नव्हती, हे त्यांना तिच्या बटण पिरगाळणाऱ्या बोटांकडे बघूनच कळलं होतं.

"माझं नाव कुठं घेऊ नका," सुई म्हणाली. "तो दादाच्या दुकानातून माल नेतो. घरी कळलं तर शनिवार बंद. माझ्याकडे शनिवारशिवाय काही नाही, काकू."

"तुझं नाव माझ्या तोंडातून निघायचं नाही," काकू म्हणाल्या.

आणि निघालं नाही. शेवटपर्यंत निघालं नाही. तोच तर खरा घोळ आहे.

काकू सरांकडे गेल्या. सरांनी चहा ठेवला, ऐकता ऐकता त्यांचा चहा उतू गेला. आधी त्यांनी विचारलं कोण, काकू म्हणाल्या ते सांगता येणार नाही. सर खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. नाव नाही, साक्षीदार नाही, मग मी कुणाच्या तोंडावर काय म्हणून सांगू, असं त्यांचं म्हणणं. शिवाय वायरमन! गाण्यांची मशीन त्याची, स्पीकर त्याचे. खालच्या फर्निचरवाल्याची सगळं वायरिंग तो फुकटात करून देतो म्हणून हॉल स्वस्तात मिळतो. म्हाताऱ्या सभासदांना घरी सोडायला गाडी त्याची. सर भला माणूस, पण भल्या माणसांना एक खोड असते. कुणालाच वाईट वाटू नये असं काहीतरी ते शोधून काढतात. सरांनी शोधून काढलं की सगळ्यांनाच सरसकट सांगू.

शनिवारी चक्राआधी सर मध्ये उभे राहिले. खाकरले. नाचताना ज्याचा हात जिथं असायला हवा तिथंच असावा, एवढं सगळ्यांनी लक्षात ठेवावं, असं म्हणाले. क्षणभर कुणाला काही कळेना. मग वायरमननं पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "घ्या, हे माझे हात. मोजून घ्या." सगळा हॉल हसला. हसून हसून पोस्टमनच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंच्याही तोंडावर हसू येऊन गेलं, सवयीनं. सुईच्या तोंडावर नव्हतं, आणि तिनं काकूंचं हसू बघितलं.

झालं, सरांचं काम संपलं. आता काकूंनी स्वतःची युक्ती काढली. पोरीला त्याच्यासमोर येऊच द्यायचं नाही. चक्र फिरत फिरत सुई वायरमनच्या आदल्या जागेवर आली की काकू दारातून हाक मारायच्या: अगं, जरा ये, हा जग उचलत नाही मला. अगं, हे कोट पडले बघ. सुई यायची. घंटी वाजायची, बायका सरकायच्या, ती एक पाळी टळायची, आणि पुढच्या घंटीला काकू तिला परत पाठवायच्या, वायरमनच्या पलीकडच्या जागेवर. किती सोपं! नाव घ्यायला नको, भांडायला नको, सगळं गुपचूप. काकू त्या संध्याकाळी घरी जाताना स्वतःवरच खूश होत्या.

अहो बाई, पण चक्रात भोक पडलं तर ते दिसतं की हो! सगळे गोल करून उभे. सगळ्यांच्या समोर कुणीतरी आहे आणि एकच पुरुष दर शनिवारी एक गाणंभर रिकामे हात घेऊन उभा. शाळेतल्या पोरालासुद्धा कळेल की हा रिकामा का, आणि कोण आली की हा रिकामा होतो. काकूंना एवढं कळलं नाही. दाराशी बसून त्यांना फक्त ती पोर दिसत होती.

वायरमनला कळलं. त्यानं चार-पाच शनिवार वाट बघितली. मग एकदा काकूंनी हाक मारली, सुई जग घ्यायला दाराशी आली, घंटी वाजली, आणि हा आपल्या जागेवर दोन्ही हात पसरून नाचायच्या पवित्र्यात उभा राहिला, हवेला मिठी मारल्यासारखा. गाणं सुरू झालं तसा मोठ्यानं, अगदी खेळीमेळीनं म्हणाला, "काकू, माझ्या पाळीलाच बरी तुम्हाला तहान लागते." लोक हसले. मग हसता हसता एकेकाचं डोकं दाराकडे वळलं. तिथं पाण्याचा जग छातीशी धरून सुई उभी होती. हसणं थांबलं. सरांचं ते मागचं भाषण, हा रिकामा पुरुष, ही पोर, सगळ्यांनी मनातल्या मनात जोडून टाकलं. सुईनं जग खाली ठेवला, कोट घेतला आणि जिना उतरून गेली. त्या दिवशी तिनं काकूंच्या गालाला गाल लावला नाही.

सोमवारी सकाळी वायरमन तिच्या दादाच्या दुकानात गेला. हे काकूंना नंतर वहिनीकडून कळलं. ती लॉंड्रीत आली होती, कपडे न घेता. वायरमन म्हणे फार पोटतिडकीनं बोलला. पोरगी माझ्या मुलीसारखी आहे, पण वय अल्लड, तिच्या डोक्यात माझ्याबद्दल भलतंच काही शिरलंय, मी जरा लांब राहायला लागलो तर रुसून आता चारचौघांत काहीबाही पसरवते. मला काय, मी पुरुष माणूस. पण उद्या तिचंच नाव खराब होईल, म्हणून म्हटलं तुमच्या कानावर घालावं. दादानं त्याला चहा पाजला आणि त्याचे आभार मानले. आभार! ऐकताना काकूंच्या हातातला हॅंगर वाकला.

काकूंनी वहिनीला सांगायचा प्रयत्न केला की असं नाही, उलट आहे. वहिनी काही दुष्ट नव्हती. तिनं ऐकून घेतलं. खाली बघत म्हणाली, "काकू, तुम्ही म्हणता तसंही असेल. पण मग तर तिनं तिथं जायलाच नको, नाही का?" यावर काय म्हणायचं? तुम्हाला सुचतंय का बघा, मला तर अजून सुचलेलं नाही.

आणि मग गंमत म्हणा की थट्टा म्हणा, बायका यायला लागल्या. एकेकट्या, लॉंड्रीत, गिऱ्हाईक नसेल अशी वेळ बघून. बेकरीवाली आली. म्हणाली, तो पहिल्यापासून तसाच, मी काय करते, कोपर असा मध्ये घालते, मग त्याला जवळ येता येत नाही. तिनं काउंटरच्या अलीकडे उभं राहून कोपर कसा घालायचा ते करून दाखवलं. मी माझ्या जावेलाही शिकवलंय, म्हणाली. मग टायपिस्ट आली, मग शाळेतली बाई. प्रत्येकीकडे आपापली शक्कल होती. एक म्हणे त्याच्या पाळीला मुद्दाम खोकते. या बायका वर्षानुवर्षं एकमेकींना कोपर शिकवत होत्या, आणि दाराशी तक्रारीची पाटी लावून बसलेल्या काकूंना पत्ता नव्हता! त्यांनी प्रत्येकीला विचारलं, सरांपुढं सांगशील का? बेकरीवाली म्हणाली, नको बाई, आमच्या भट्टीचं मीटर त्यानंच बसवलंय, नवऱ्याचा तो जिगरी दोस्त. टायपिस्ट म्हणाली, मला त्यात ओढू नका. आणि जाता जाता प्रत्येकीनं काकूंचा हात दाबला: तुमच्या पोटात राहील म्हणून सांगितलं हं.

काकूंच्या पोटात आता इतक्या जणी होत्या, आणि टेबलावर ठेवायला एकही नव्हती.

सरांनी बैठक बोलावली. पुढच्या शनिवारी, चक्राच्या आधी. खुर्च्या गोल मांडल्या. हे मिटवल्याशिवाय नाचायचं नाही, असं सरांनी ठरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी त्या आठवड्यात धड झोप घेतली नव्हती. सुईला निरोप पाठवला होता, ती आली नाही. येणार कशी? सर म्हणाले, जिची तक्रार ती समोर नाही, मग काय करायचं? काकूंनी सगळा धीर गोळा केला.

"ती एकटी नाही," त्या म्हणाल्या. "आणखीही आहेत."

"कोण?" सरांनी विचारलं.

काकूंनी गोलावरून नजर फिरवली. बेकरीवाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. टायपिस्ट आरशाकडे बघत होती. शाळेतली बाई काकूंकडेच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत एवढी विनवणी होती की काकूंनी आपले डोळे खाली घेतले. एक नाव जरी घेतलं असतं तरी पुरलं असतं. पण ज्या बाईनं जन्मभर कुणाच्या खिशातली चिठ्ठी दुसऱ्याला दाखवली नाही, तिची जीभ उचलेना. शब्द दिला होता. प्रत्येकीला दिला होता.

"सांगा ना, काकू," वायरमन म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता, आणि मला वाटतं खरंच भरून आला होता, असल्या माणसांचा येतो. "तुमच्या यजमानांना मी या खांद्यावरून उतरवलं. तेव्हा माझे हात कसे होते?"

पोस्टमननं नाक शिंकरलं. सर उठले, त्यांनी गाण्यांची मशीन सुरू केली, आणि हात जोडून म्हणाले की मंडळ फुटायला नको, काकू, तुमचं यांच्याशी जे काही बिनसलंय ते आपल्या पद्धतीनं इथंच संपवू या. म्हणजे पोरीची तक्रार कधीच हवेत विरली होती. आता नुसतं काकूंचं वायरमनशी बिनसलं होतं, खिडकी उघडायची की लावायची तसं.

वायरमन मध्ये येऊन उभा राहिला आणि त्यानं हात पुढं केला.

जिना चार पावलांवर होता. काकूंना उठून, कोट घेऊन, खाली जाता आलं असतं. त्यांनी तो विचार केलाही. पण त्या जिन्याच्या पलीकडे काय होतं? तो फ्लॅट, तो फ्रिज, मुलीचा फोन, आणि पुन्हा कधीही न येणारा शनिवार. इथली ही सगळी माणसं त्यांच्या वाढदिवसाला गाणारी, आजारपणात सूप आणून देणारी. साठीला टेकलेल्या बाईनं आता नवी माणसं कुठून आणायची? मी त्यांची बाजू घेत नाही. नुसतं सांगतोय की त्यांच्या डोक्यात काय होतं.

काकू उठल्या. गुडघे सांभाळत मध्ये गेल्या. वायरमननं त्यांना अदबीनं धरलं, हात पाठीवर, जिथं असायला हवा तिथं, गाणंभर एक बोटही इकडचं तिकडं झालं नाही. नाचता नाचता त्यानं हळू विचारलं, "तुमच्या मनात माझ्याबद्दल आता काही नाही ना?" काकू म्हणाल्या, "नाही." टाळ्या पडल्या. सरांनी डोळे पुसले. मग घंटी वाजली आणि चक्र सुरू झालं, पुरतं भरलेलं, कुणाचेच हात रिकामे नव्हते.

काकूंना साखरेचा त्रास होता, ठराविक दिवसांनी रक्त तपासायला लागायचं. दोनदा त्यांनी टाळलं. मग डॉक्टर ओरडले तेव्हा सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये गेल्या. मनात ठरवून गेल्या होत्या काय काय बोलायचं ते. आत दोन खुर्च्या, दोघी रक्त घेणाऱ्या, आणि त्यांचा नंबर आला तो नेमका सुईपुढं.

पोर वाळली होती. तिनं कागदावरचं नाव वाचलं, रबरी पट्टा दंडाला बांधला, मूठ वळा म्हणाली. काकूंनी मूठ वळली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. की मी तुझं नाव घेतलं नाही, एकदाही नाही, सरांपुढं नाही, बैठकीत नाही. की मला तुला फक्त वाचवायचं होतं. की इतर बायकाही आल्या होत्या, पण कुणी बोलायला तयार नाही. सुईनं शीर शोधली, कापसानं पुसली, सुई घातली. काकूंना दुखलं नाही, तिचा हात फार हलका होता.

"तुम्ही नाव घेतलं नाहीत, माहितीय मला," ती नळीकडे बघत म्हणाली. "मी नाव लपवायला सांगितलं होतं, काकू. मला लपवायला नव्हतं सांगितलं. मी गेले असते त्याच्यासमोर. तुम्ही फक्त दारातून उठून त्याच्या शेजारी येऊन उभं राहायला हवं होतं."

काकूंना हे कधी सुचलंच नव्हतं. एवढं सोपं होतं, आणि सुचलं नव्हतं.

"त्याच्याबरोबर नाचलात म्हणे," सुई म्हणाली.

"अगं, ते सगळ्यांनी..." काकूंनी सुरुवात केली.

सुईनं पट्टा सोडला, सुई काढली, कापूस ठेवला. दाबून धरा, म्हणाली. नळीवर नाव चिकटवलं. हातमोजे काढले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर काकूंनी पाय धरले असते. मग तिनं मान वळवून शेजारच्या खुर्चीजवळच्या मुलीला सांगितलं, अगदी साध्या आवाजात, जसं कामाचं सांगतात तसं:

"पुढच्या वेळेपासून या बाईंचं रक्त तू घेत जा."

काकू कापूस दाबून धरून उठल्या. दाराशी पुढचा माणूस बाही वर करून उभा होता. त्याला वाट देऊन त्या बाहेर पडल्या.